हवा अडवली म्हणजे उष्णता अडली असे नाही

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत अवकाशयानांच्या उष्णतारोधक टाइलविषयी नुकताच आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि अशा विषयाला मराठी दैनिकात अर्धे पान मिळते याचेही मला अप्रूप वाटले. मात्र ‘टाइलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक हवा असते आणि हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे यान वाचते’ हे त्या लेखाचे मध्यवर्ती विधान अर्धेच खरे आहे, आणि जो अर्धा भाग सुटला आहे त्यातच या विद्येचे मर्म आहे. मी पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून त्याचे गुण बदलणाऱ्या, भट्ट्यांवर ३४ वर्षे काम करून निवृत्त झालो. अवकाशयान मी जवळून पाहिलेले नाही. पण ज्या प्रकारच्या तंतूंनी यान वाचते त्यांची कारखान्यातली भावंडे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या तंतूंच्या लोकरीसारख्या सिरॅमिक वूलची ब्लँकेटे, रोज हाताळली आहेत. शिवाय लेखात जी चूक झाली आहे तीच मी स्वतः एकदा कंपनीच्या पैशाने करून बसलो आहे, म्हणून हे पत्र.

गोष्ट १९९०च्या दशकातली आहे. आमच्या एका बॅच भट्टीचे लायनिंग, म्हणजे आतले उष्णतारोधक अस्तर, बदलायचे होते. भट्टी ९५० अंश सेल्सिअसला चालत असे आणि जुने लायनिंग घनमीटरला १२८ किलो घनतेच्या ब्लँकेटचे होते. बाजारात हे ब्लँकेट ६४, ९६, १२८ आणि १६० किलो अशा घनतांमध्ये मिळते. मी ६४ किलोचे सुचवले. माझा युक्तिवाद हुबेहूब आपल्या लेखासारखा होता: ब्लँकेट हलके म्हणजे तंतू कमी, तंतू कमी म्हणजे हवा जास्त, आणि हवा जास्त म्हणजे रोध जास्त, शिवाय खर्चही कमी. पुरवठादाराच्या कॅटलॉगात खोलीच्या तापमानाचे जे आकडे होते तेही माझ्या विरोधात जात नव्हते. जाडी तीच ठेवली. पहिल्या दिवशी सकाळी भट्टी ४०० अंशांपर्यंत चढली तोवर बाहेरचा पत्रा पूर्वीइतकाच कोमट होता आणि मी निर्धास्त झालो. दुपारी तापमान ९००च्या वर गेले आणि संध्याकाळपर्यंत ज्या पत्र्याला पाठ टेकून आमचा ऑपरेटर डबा खात असे, तिथे हात ठेववेना. दाराशेजारचा रंग काळवंडू लागला. आमच्या जुन्या फिटरने ब्लँकेटचा उरलेला तुकडा खिडकीच्या उजेडापुढे धरला आणि म्हणाला, “साहेब, पडदाच विरळ आहे, मग ऊन आत येणारच.” पदवी माझ्याकडे होती, पण निदान त्याचे अचूक होते.

शाळेत आपण उष्णतेच्या संक्रमणाचे वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीन प्रकार शिकतो आणि पुढे आयुष्यभर पहिल्या दोघांचाच विचार करतो, कारण घरातल्या तापमानांना तेवढा पुरतो. तंतूंच्या दाट गादीत पोकळ्या इतक्या बारीक असतात की हवेला खेळायला जागाच उरत नाही, म्हणून अभिसरण जवळजवळ संपते. उरतात तंतूंमधून होणारे वहन, पोकळ्यांतल्या हवेतून होणारे वहन आणि तिसरे प्रारण, म्हणजे उष्ण पृष्ठभागाने फेकलेले आणि बव्हंशी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण. या तिसऱ्याला हवा मुळीच अडवत नाही. हवेने प्रारण अडले असते तर सूर्याचे ऊन जमिनीपर्यंत पोहोचलेच नसते.

तापमान वाढते तशी या तिघांतली सत्ता बदलते. पृष्ठभागाचे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसला शून्य धरून केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ३०० केल्विनला, म्हणजे साधारण आपल्या घरातल्या तापमानाला, आदर्श काळा पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट फेकतो. १५०० केल्विनला तोच पृष्ठभाग सुमारे २,८७,००० वॅट फेकतो. तापमान पाचपट झाले आणि प्रारण ६२५ पट. गादीच्या आत हिशेब थोडा वेगळा होतो. तिथे किरण एका दमात आरपार जात नाहीत. एका तंतूने गिळलेला किंवा वळवलेला किरण पुढच्या तंतूपर्यंत जातो, तिथून पुढच्याकडे, अशा उड्या मारत उष्णता सरकते. अशा सरकण्याला वाहकतेच्या भाषेत मांडले, तर ती प्रारणजन्य वाहकता तापमानाच्या तिसऱ्या घाताच्या आणि एका उडीच्या सरासरी लांबीच्या प्रमाणात येते.

आकडे घालून पाहिले की चित्र लख्ख होते. समजा, एखाद्या गादीत किरणाची उडी सरासरी ०.२ मिलिमीटर आहे. ३०० केल्विनला प्रारणजन्य वाहकता मीटर-केल्विनला जेमतेम ०.००१६ वॅट भरते, तर स्थिर हवेची वाहकता तेव्हा ०.०२६ असते, म्हणजे सोळापट. येथे हवेचाच विचार करणारा माणूस चुकत नाही. पण तीच गादी १५०० केल्विनला नेली की प्रारणाचा आकडा १२५ पट होऊन ०.२ वर जातो, तर हवेचा ०.१ च्या आसपासच थांबतो. खोलीत जो पाहुणा होता तो भट्टीत यजमान झालेला असतो. माझ्या ६४ किलोच्या ब्लँकेटमध्ये तंतू निम्मे, म्हणून उडी दुप्पट, आणि उडी दुप्पट म्हणून प्रारणही दुप्पट, एवढा साधा हिशेब मी केला नव्हता.

मग उडी आखूड कशी करायची? तंतूंची संख्या वाढवणे हा सरळ उपाय झाला, पण कारखान्यात तो पैशाला महाग आणि यानात वजनाला महाग. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. तेवढ्याच काचेचे तंतू निम्म्या जाडीचे ओढले तर किरणांच्या वाटेत येणारे त्यांचे क्षेत्रफळ दुप्पट होते. वजन तेच राहते आणि पडदा मात्र दाट होतो. हा खेळ अमर्याद चालत नाही. तंतूची जाडी किरणाच्या तरंगलांबीपेक्षा बरीच कमी झाली की किरण त्याला जुमानत नाही. म्हणून उपयुक्त जाडी तरंगलांबीच्या आसपासची, म्हणजे उच्च तापमानाला एकदोन मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) घरातली असते. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या टाइलमधले सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या मूळ द्रव्यापासून केलेल्या काचेचे, तंतू याच मापाचे होते. त्यातली सर्वाधिक वापरलेली टाइल, एलआय-९००, घनमीटरला केवळ १४४ किलो भरे. सघन सिलिकाची घनता घनमीटरला २२०० किलो धरली तर तिच्यात साडेसहा टक्के काच आणि बाकी पोकळी. लेखातला नव्वद टक्क्यांचा आकडा म्हणूनच बरोबर आहे. यान वाचवण्याचे श्रेय मात्र त्या साडेसहा टक्क्यांच्या मांडणीला द्यायला हवे.

मांडणी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. टाइलचा लगदा दाबून घडवताना तंतू बहुतांशी आडवे पडतात, आणि टाइल बसवताना तो आडवा थर यानाच्या कातडीला समांतर येईल असे पाहिले जाते. आडवा तंतू बाहेरून आत येणाऱ्या किरणाच्या वाटेत पूर्ण लांबीने आडवा येतो, उभा तंतू त्याला जवळजवळ मोकळी वाट देतो, आणि घन पदार्थातून होणारे वहनही आडव्या मांडणीत घटते. याची किंमत ताकदीत मोजावी लागते, कारण अशी टाइल जाडीच्या दिशेने ओढली तर सहज फाटते. म्हणूनच पहिल्या उड्डाणाआधी टाइलच्या चिकटवायच्या बाजूला सिलिकाचा द्राव मुरवून तो भाग कठीण करावा लागला होता.

आता सर्वांत अडचणीची बाब, जिचा लेखात उल्लेखही नाही. सिलिका ही काच आहे आणि ती अवरक्त किरणांच्या एका पट्ट्यात आपल्या खिडकीच्या काचेसारखीच पारदर्शक आहे. साधारण ४ मायक्रॉनपर्यंतच्या तरंगलांबीचे किरण ती फारसे शोषत नाही. त्यापुढचे मात्र गिळते. ३०० केल्विनच्या वस्तूचे जवळजवळ सगळे प्रारण ४ मायक्रॉनच्या पलीकडचे असते, म्हणून घरगुती तापमानाला सिलिका उत्तम पडदा ठरते. १५०० केल्विनला प्रारणाचे शिखर १.९ मायक्रॉनवर येते आणि एकूण ऊर्जेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ४ मायक्रॉनच्या अलीकडे पडतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे सिलिकाला तो दिसतच नाही. रोधाची सर्वाधिक गरज असते तेव्हाच पडदा आरपार होतो.

असे असूनही शुद्ध सिलिकाची टाइल काम करते, ते किरण विखुरण्याच्या बळावर. खडेमीठ पारदर्शक असते, तेच कुटले की पांढरेशुभ्र होते. मीठ तेच, पण असंख्य पृष्ठभागांवर उजेड वळतो आणि आरपार जाऊ शकत नाही. पावसाळ्यात आंबोली घाटात दाट धुक्यात गाडीचे दिवे चार हातांवर थिजतात, तिथेही पाण्याचे थेंब उजेड गिळत नाहीत, नुसता भरकटवतात. सिलिकाचे तंतू हेच करतात. पण भरकटवणे हे अडवण्याइतके भरवशाचे नसते, कारण तंतूने वळवलेले बरेचसे किरण थोडेसे कलून पुढच्याच दिशेने जातात.

म्हणून तंतूंमध्ये अपारदर्शक भुकटी मिसळण्याची युक्ती आली. सिलिकॉन कार्बाइड, टायटॅनियम डायऑक्साइड, लोहाची ऑक्साइडे आणि जिथे हवेचा ऑक्सिजन नाही तिथे काजळीसुद्धा, असे हे पदार्थ ज्या पट्ट्यात सिलिका आंधळी असते तिथे किरण एक तर गिळतात किंवा त्यांच्या मोठ्या अपवर्तनांकामुळे, म्हणजे किरण वाकवण्याच्या जोरकस क्षमतेमुळे, फार जोराने विखुरतात. नासाच्या एम्स केंद्रात विकसित झालेल्या एफआरसीआय-१२ या पुढच्या पिढीच्या टाइलमध्ये ७८ टक्के सिलिकाचे तंतू, २० टक्के ॲल्युमिना-बोरोसिलिकेटचे तंतू आणि केवळ २ टक्के सिलिकॉन कार्बाइड होते. ही करडी भुकटीसुद्धा कशीही टाकून चालत नाही. तिचे कण तरंगलांबीच्या मापाचे, म्हणजे काही मायक्रॉनचे असावे लागतात. जाड कण वजन वाढवतात आणि पडदा वाढवत नाहीत. प्रमाण वाढवत नेले तर कण एकमेकांना आणि तंतूंना चिकटून वहनाला नवे पूल बांधून देतात, आणि प्रारणात कमावलेले वहनात घालवले जाते. फोडणीत हिंग टाकावा तसा हा हिशेब आहे.

भट्टीवाल्यांनी येथे आपल्याकडच्या ब्लँकेटमधील ‘शॉट’ आठवावा. वितळलेल्या काचेचे तंतू ओढताना काही थेंब तंतू न होता गोळीच्या रूपातच राहतात. ब्लँकेट झटकले की जमिनीवर वाळूसारखी जी कचकच पडते ती हीच. घनतेच्या आकड्यात या गोळ्या मोजल्या जातात, पण तेवढ्याच वजनाच्या बारीक तंतूंच्या तुलनेत त्या जवळजवळ काहीच अडवत नाहीत. दोन ब्लँकेटांवर १२८ हाच छाप असूनही एक चांगले आणि दुसरे निकृष्ट निघते, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते.

लेखातील आणखी एक विधान दुरुस्त व्हायला हवे. ‘टाइलचा काळा रंग उष्णता शोषून घेतो आणि आत जाऊ देत नाही’ असे त्यात म्हटले आहे. टाइलवरचा काळा थर हा बोरोसिलिकेट काचेचा असतो आणि त्याचे काम शोषण्याचे नसून फेकण्याचे आहे, कारण जो पृष्ठभाग चांगला शोषतो तोच चांगला उत्सर्जित करतो. १२६० अंश सेल्सिअसला तापलेला असा पृष्ठभाग चौरस मीटरला अडीचशे किलोवॅटहून अधिक उष्णता बाहेर फेकतो. एका चौरस मीटरवर अडीचशे घरगुती इस्त्र्या एकाच वेळी तापत आहेत असे समजावे. म्हणजे प्रारण बाहेरच्या बाजूला आपला मित्र आहे आणि आतल्या बाजूला शत्रू. वर प्रारणाला जितकी वाट मोकळी करून द्यायची, आत तितकीच ती बंद करायची, असा हा दुहेरी कारभार आहे, आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला १७७ अंशांच्या पुढे जाऊ न देण्याचे काम तो करतो.

दाबाचा प्रश्नही येथेच येतो. यान परतताना सर्वाधिक तापते तेव्हा ते विरळ हवेत असते, टाइलच्या पोकळ्यांतली हवाही विरळ झालेली असते आणि तिच्यातून होणारे वहन खूप घटते. प्रारणाला मात्र हवेचे काहीच सोयरसुतक नसल्यामुळे ते घटत नाही. हवेमुळे यान वाचते, या विधानाला याहून मोठे प्रतिउत्तर मला सुचत नाही: ज्या क्षणी यान सर्वाधिक संकटात असते, त्या क्षणी टाइलमध्ये हवा अगदी कमी असते.

आपल्या देशातील कामाचा लेखात एका ओळीत उल्लेख आहे. त्याला थोडी अधिक जागा मिळायला हवी होती. १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्ही-सी७ या रॉकेटमधून गेलेली इस्रोची एसआरई-१ ही ५५० किलोची कुपी १२ दिवस कक्षेत राहून २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्या नाकावर कार्बन-फिनॉलिकचे, झिजत जाऊन उष्णता नेणारे कवच होते आणि इतर भागावर सिलिकाच्या टाइल होत्या. २३ मे २०१६ रोजी ६५ किलोमीटर उंची गाठून ध्वनीच्या पाचपट वेगाने परतलेल्या आरएलव्ही-टीडी या पंखधारी यानावरही सिलिकाच्या टाइल होत्या. या टाइल तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात विकसित झाल्या आहेत. टाइल ‘देशी बनावटीची’ आहे एवढेच न सांगता असे तंतू, त्यांची शुद्धता आणि त्यांची मांडणी साधणे किती कठीण असते हे लिहिले असते, तर त्या कामाचे मोल वाचकाला कळले असते.

जाता जाता एक गोष्ट आमच्या कामगारांच्या वतीने. प्रारण अडवायला एका मर्यादेपर्यंत तंतू जितका बारीक तितका बरा, हे वर लिहिले. पण ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि ५ मायक्रॉनपेक्षा लांब तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाऊ शकतो, आणि सिरॅमिक वूलच्या तंतूंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘मानवात कर्करोगाची शक्यता’ असलेल्या २-ब गटात ठेवले आहे. उष्णतेच्या दृष्टीने जो गुण तोच छातीच्या दृष्टीने अवगुण. माझ्या काळात ब्लँकेट कापणारी मुले तोंडाला फक्त रुमाल बांधत आणि आम्ही साहेब लोक ते पाहून पुढे जात असू, हे येथे कबूल केले पाहिजे. अजूनही ज्या शेडमध्ये रुमालावर भागते, तिथल्या मालकांनी योग्य मास्क आणि ओले करून कापण्याची पद्धत आजपासून सुरू करावी.

खरेदी करणाऱ्या अभियंत्यांना माझी सूचना अशी की, उष्णतारोधकाच्या ऑर्डरमध्ये फक्त घनता आणि जाडी लिहू नये. वाहकतेचा आकडा कोणत्या सरासरी तापमानाला मोजला आहे हे विचारावे, आणि तो भट्टीच्या तापमानाच्या जवळपासचा नसेल तर तसा आकडा मागून घ्यावा. तंतूची सरासरी जाडी आणि शॉटचे प्रमाणही विचारावे. खोलीच्या तापमानाच्या आकड्यावर भट्टीचे लायनिंग निवडणे म्हणजे मे महिन्यातल्या मुक्कामासाठी जानेवारीतल्या हवामानावरून कपडे भरणे होय. आमच्या भट्टीचे पुढे काय झाले ते सांगतो: तीन आठवड्यांनी १२८ किलोचे ब्लँकेट पुन्हा बसवले, वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट खर्च झाला, आणि ऑपरेटर पुन्हा पत्र्याला पाठ टेकून डबा खाऊ लागला.

शेवटी शब्दाविषयी. लेखात रेडिएशनसाठी चार ठिकाणी ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द आला आहे. मराठीत किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियमसारख्या पदार्थांच्या अणुकेंद्रातून होणारे उत्सर्जन. यानाच्या टाइलचा त्याच्याशी संबंध नाही, आणि हा शब्द वाचून माझ्या शेजाऱ्यांनी काळजीने विचारलेही की परत आलेल्या यानाजवळ जाणे धोक्याचे असते का. उष्णतेसाठी पाठ्यपुस्तकांतला ‘प्रारण’ हा शब्द उपलब्ध आहे. एवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भट्टी अभियंता, चिंचवड